तलवार नंतर, आधी फळी

पत्र: मी एका काल्पनिक जगाची कादंबरी लिहितो आहे. त्या जगात बंदुकीची दारू नाही. डोंगरातले मेंढपाळ आणि नदीकाठचं श्रीमंत साम्राज्य यांच्यातलं युद्ध हा कथेचा कणा आहे. पायदळासाठी मी बारा नवी शस्त्रं तयार केली आहेत. मुख्य शस्त्राचं नाव ‘चंद्रपात’. दोन्ही टोकांना पाती असलेली ही तलवार नऊ किलो वजनाची आहे. दोन्ही बाजू मिळून एक लाख सैन्य आहे, थोडे अग्निमांत्रिकही आहेत. पण हस्तलिखित वाचून मित्र म्हणाला, ‘हे बंदुकांचंच युद्ध आहे. तू फक्त बंदुका काढून घेतल्यास आणि धनुष्यं वाटलीस.’ माझं नेमकं काय चुकतंय? दारू का नाही, याचं कारण द्यावं लागेल का? आणि नायकाने एकट्याने शत्रूची फळी फोडली तर चालेल का?
— डोंगरमाथ्यावरून

उत्तर:

नमस्कार.

आधी त्या मित्राला जपा. इतकं नेमकं बोलणारा वाचक सहजासहजी मिळत नाही. तुम्ही सोबत पाठवलेली तीन प्रकरणं मी वाचली, चित्रंही पाहिली. चित्रं देखणी आहेत. पण तिसऱ्या प्रकरणातल्या लढाईत तुमचे सैनिक सुटे सुटे धावतात, झाडांच्या आडोशाने पुढे सरकतात, सेनापती ‘फायर!’ म्हणून ओरडतो आणि समोरची माणसं पटापट पडतात. हे वागणं बंदूकवाल्यांचं आहे. हातातली वस्तू तेवढी बदलली आहे.

दारू नसलेल्या जगात पायदळाचं पहिलं शस्त्र तलवार नव्हे आणि भालाही नव्हे. ते शस्त्र म्हणजे फळी. हा शब्द मराठीत आयता आहे आणि किती नेमका आहे पाहा. फळ्या एकमेकींना घट्ट लागून बसल्या की दार होतं, एक निखळली की भगदाड पडतं. मोकळ्या मैदानावर एकटा पायी माणूस घोडेस्वाराच्या तावडीतून सुटत नाही. तोच माणूस डावीउजवीकडे सोबती आणि पाठीशी सातजण घेऊन भाला रोखून उभा राहिला, तर घोडाच अडतो. घोडं शहाणं जनावर आहे, टोकांच्या भिंतीवर ते आपणहून छाती आपटत नाही. म्हणून बारापैकी प्रत्येक शस्त्राला एकच प्रश्न विचारा: शेजाऱ्याला न लागता हे चालवता येतं का?

चंद्रपात इथेच नापास होतो. घट्ट फळीत एका माणसाच्या वाट्याला जेमतेम दोन हात, म्हणजे नव्वद सेंटिमीटरच्या आसपास रुंदी येते. तिथे दोन्ही टोकांना पाती असलेलं शस्त्र गरगर फिरवलं, तर पहिले दोन बळी आपल्याच गावचे असतील. वजनाचंही तसंच. खऱ्या लढाईतली एका हाताने चालवायची तलवार साधारण एक ते दीड किलोची असे. दोन हातांनी धरायच्या मोठ्या तलवारीही दोन-तीन किलोंच्या, फार तर थोड्या जास्त. नऊ किलोचं पोलाद माणूस उचलू शकतो, पण लढाई उचलण्याची नसते, ती पुन्हा पुन्हा उचलण्याची असते. चंद्रपात फेकून देऊ नका मात्र. वजन तीन किलोंवर आणा आणि तो फक्त राजाच्या निशाणाभोवती उभ्या राहणाऱ्या दहाबारा रक्षकांना द्या. त्यांच्याभोवती मोकळी जागा असते. शिवाय शस्त्र दुर्मीळ झालं की त्याचा दराराही वाढतो.

आता फळीच्या पोटात शिरू, कारण तुमच्या कादंबरीचा खरा माल तिथे आहे.

फळी भीतीने वाकते. इ.स.पू. ४१८ मध्ये मँटिनियाला झालेल्या लढाईबद्दल लिहिताना ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस एक बारीक गोष्ट सांगतो. ग्रीक सैनिकाची मोठी गोल ढाल डाव्या हातात असे, त्यामुळे उजवी कूस थोडी उघडी पडे. मग प्रत्येकजण नकळत उजवीकडच्या शेजाऱ्याच्या ढालीला चिकटायचा. अगदी उजव्या टोकाचा माणूसही आपली उघडी बाजू शत्रूपासून दूर न्यायला आणखी उजवीकडे सरकायचा. परिणाम असा की चालता चालता अख्खं सैन्यच उजवीकडे घसरत जायचं आणि दोन्ही बाजूंचं उजवं टोक समोरच्याच्या डाव्या टोकापलीकडे पोचायचं. असा आदेश कुणी दिलेला नसे. हजारो माणसांच्या वैयक्तिक भीतीची ती बेरीज होती. अशी एक गोष्ट तुमच्या जगात शोधून ठेवा. ढाल कुठल्या हातात, तिचा आकार काय, ती अंगाचा कुठला भाग उघडा टाकते आणि त्या उघड्या भागामुळे माणसं कुठे सरकतात, एवढं ठरवलंत की डावपेच आपोआप सुचू लागतील.

मग फळी खोल का करायची? दहाव्या ओळीतला माणूस शत्रूपर्यंत पोचत नाही, त्याचा भालाही पोचत नाही. त्याचं काम वेगळं आहे. पुढच्याने कच खाल्ली तरी त्याला मागे सरायला जागा उरू नये, म्हणून तो तिथे उभा असतो. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्युक्ट्राच्या लढाईत थीब्ज या ग्रीक नगरराज्याचा सेनापती एपामिनोंडास याने आपल्या डाव्या बाजूला पन्नास ओळींची खोली दिली. समोर स्पार्टाची खोली बाराच्या आसपास होती. पन्नास भाले एकाच वेळी तर लढणार नव्हते. लढला तो दाब, आणि तो अशा ठिकाणी पडला जिथे स्पार्टाचा राजा स्वतः उभा होता.

लक्षात घ्या, फळी शाबूत असेपर्यंत माणसं तुलनेने कमी मरतात. कत्तल होते ती फळी फुटल्यावर, पाठ दाखवल्यावर. इ.स.पू. ४९० च्या मॅरेथॉनच्या लढाईत अथेन्सचे १९२ आणि इराण्यांचे ६,४०० पडले, असं हेरोडोटसने लिहून ठेवलंय. दुसरा आकडा थोडा फुगवला असेल असं धरलं, तरी तफावतीचं कारण समजतं: हरलेला पळत होता, त्याच्या पाठीला ढाल नव्हती. तुमच्या लढाईत पहिल्या बाणापासून दोन्हीकडे सारखी माणसं मरत राहतात. तसं करू नका. बराच वेळ ढकलाढकली, शिव्या, धाप, माघार, पुन्हा पुढे, असं चालू दे. मग कुठेतरी काहीतरी तुटतं आणि पुढच्या पंधरा मिनिटांत सगळं संपतं.

शस्त्रांकडे येऊ. तुम्ही चित्रापासून सुरुवात केलीत. सुरुवात माणसापासून करा: हा सैनिक लढाई नसते तेव्हा काय करतो, त्याच्याकडे सरावाला किती वेळ आहे आणि त्याचं पोट कोण भरतं?

तुमचं नदीकाठचं साम्राज्य श्रीमंत आहे, त्याला सपाट जमीन आणि पक्के रस्ते आहेत, ते बारमाही पगारी सैन्य ठेवू शकतं. अशा राज्याला लांब भाला शोभतो. ग्रीसच्या उत्तरेकडच्या मॅसिडोनिया राज्याचा सारिसा नावाचा भाला पाच-सहा मीटर लांब असायचा. तो दोन्ही हातांनी धरावा लागे, म्हणून लहान ढाल गळ्यात अडकवलेली. सोळा ओळी खोल उभं राहिलं की पहिल्या पाच ओळींची टोकं फळीच्या पुढे निघत. समोरून तलवार घेऊन येणारा रोमन सैनिक जरा मोकळा उभा राहत असल्याने त्याच्या वाट्याला दोन भालेकरी यायचे. म्हणजे एका माणसासमोर दहा टोकं. यातून तो आत शिरणार कसा? समोरून तर शिरतच नाही.

पण लांब भाल्याची किंमत आहे आणि ती वळताना चुकवावी लागते. एकदा आम्ही नऊ मित्रांनी साडेचार मीटरचे बांबू घेऊन तीन-तीनच्या तीन ओळी केल्या. सरळ चालणं दहा मिनिटांत जमलं, मग कुणीतरी उत्साहाने ‘उजवीकडे वळा’ म्हणालं. बांबू बांबूत अडकले, दोघे खाली बसले आणि माझा चष्मा गेला. तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. दहा पुस्तकं वाचून जे कळत नाही ते एका वळणात कळतं. (चष्मा काढून ठेवा.)

इतिहासात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. इ.स.पू. १९७ मध्ये सायनोसेफलीच्या टेकड्यांवर मॅसिडोनियाची उजवी बाजू उतारावरून रोमनांना रेटत चालली होती. डावी बाजू अजून नीट उभीही राहिली नव्हती, तिचा फज्जा उडाला. तिथल्या एका रोमन अधिकाऱ्याने, ज्याचं नावसुद्धा कुणी टिपून ठेवलेलं नाही, वीस तुकड्या घेतल्या आणि जिंकत चाललेल्या फळीच्या पाठीवर घातल्या. लांब भालेवाल्यांना वळता येईना. त्यांनी भाले उभे केले. त्यांच्याकडे तो शरणागतीचा इशारा होता. पुढे आलेल्या रोमन सैनिकांना तो कळलाच नाही आणि त्यांनी कापाकापी चालू ठेवली. तुमच्या दोन संस्कृतींमध्ये असा एखादा न कळलेला इशारा असू द्या, बारा शस्त्रांपेक्षा तो जास्त काम करेल. पुढे इ.स.पू. १६८ मध्ये पिडनाला जमीन खडबडीत लागली, फळीत फटी पडल्या आणि रोमनांच्या लहान टोळ्या आखूड तलवारी घेऊन त्या फटींत घुसल्या. आत शिरलेल्या माणसासमोर सहा मीटरचा भाला म्हणजे नुसती काठी.

आता तुमचे मेंढपाळ. त्यांना तुम्ही तलवारी का दिल्यात? तलवारीला चांगलं पोलाद लागतं, कसबी लोहार लागतो आणि ती माणूस मारण्यावाचून दुसऱ्या कामाची नाही. मेंढपाळाकडे लहानपणापासून काय असतं? काठी, कुऱ्हाड आणि गोफण. गोफणीला पुस्तकांत कुणी भाव देत नाही, त्याचं मला नेहमी वाईट वाटतं. दोरी आणि दगड, खर्च शून्य, पण हात बसायला बालपण खर्ची घालावं लागतं. इ.स.पू. ४०१ मध्ये इराणच्या मुलखातून परत निघालेल्या ग्रीक भाडोत्री सैन्याला शत्रूच्या गोफणवाल्यांनी हैराण केलं. तेव्हा त्यांच्यातल्या झेनोफन या सेनानीने आपल्याच सैन्यातली रोड्स बेटावरची माणसं शोधून काढली. त्यांना शिशाच्या गोळ्या फेकता येत आणि त्या इराण्यांच्या मुठीएवढ्या दगडांच्या दुप्पट लांब जात. अशा शिशाच्या गोळ्या उत्खननांत पुष्कळ सापडल्या आहेत. काहींवर ठशाने मजकूर उमटवलेला आहे. एकीवर फक्त ‘झेल’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द आहे. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा हा टोमणा आजही लागतो. तुमच्या मेंढपाळांच्या डोंगरात शिशाची एक खाण टाका. साम्राज्याला ती खाण हवी असण्याचं कारणही त्यातून मिळेल.

सोबत फेकायचे हलके भाले द्या. इ.स.पू. ३९० च्या सुमारास कॉरिंथजवळ स्पार्टाच्या सहाशेच्या आसपास जड पायदळाला अथेन्सचा सेनापती इफिक्रेटिस याच्या भालाफेक्यांनी गाठलं. जवळ येऊन फेकायचं, स्पार्टन अंगावर धावून आले की पळायचं, ते दमून वळले की पुन्हा यायचं. अडीचशेच्या आसपास माणसं गेली. ग्रीसभर खळबळ माजली, कारण हलक्या माणसांनी जड माणसाला मारायचं नसतं अशी सगळ्यांची समजूत होती. तुमच्या पहिल्या लढाईचा आराखडा इथे आयता आहे: घाट, दमलेले भालाईत आणि जवळ न येणारे मेंढपाळ.

दुसऱ्या लढाईत मेंढपाळ हरले पाहिजेत. विजयाच्या कैफात ते मैदानात उतरतात, फळी करून उभे राहतात आणि हलता न येणाऱ्या फळीचं काय होतं ते शिकतात. स्कॉटलंडच्या भालाइतांनी हा धडा गिरवलाय. १२९८ मध्ये फॉलकर्कला ते भाल्यांची गोल फळी करून जागेवर उभे राहिले. इंग्रज घोडदळ त्यांना फोडू शकलं नाही, म्हणून तिरंदाजांना पुढे आणून त्या उभ्या गर्दीवर बाणांचा मारा केला. विरळ झालेल्या फळीत मग घोडे शिरले. सोळा वर्षांनी, १३१४ मध्ये बॅनकबर्नला भाले तेच, जिंकले मात्र स्कॉट. यावेळी जागा दलदलीची आणि अरुंद निवडली होती, फळी उभी न राहता चालून गेली आणि थोडक्या हलक्या घोडेस्वारांनी इंग्रज तिरंदाजांना आधीच उधळून लावलं. शस्त्र न बदलता निकाल बदलतो, तो असा. तुमच्या तिसऱ्या लढाईसाठी यापलीकडे मला काही सांगायचं नाही.

शहरी सैनिक हवे असतील तर १३०२ ची कोर्ट्राईची लढाई पाहा. फ्लँडर्समधले विणकर आणि कारागीर ओढ्यांच्या मागे उभे राहिले आणि फ्रेंच सरदारांच्या घोडदळाला त्यांनी लोळवलं. त्यांचं आवडतं हत्यार म्हणजे जाड सोटा, टोकाला लोखंडी खिळा. सुतार आणि लोहार मिळून दिवसभरात कितीतरी बनवतील. चित्रात अगदीच गबाळं दिसेल, तरीही द्या.

तिरंदाजांबद्दल थोडं कडक बोलतो. तुमचे धनुर्धारी दोरी कानापर्यंत ओढून सेनापतीच्या हुकमाची वाट पाहत उभे राहतात. १५४५ मध्ये बुडालेलं मेरी रोझ हे इंग्रज जहाज १९८२ मध्ये वर काढलं, त्यावर शंभराहून अधिक अखंड धनुष्यं मिळाली. ती पूर्ण ओढायला ४५ ते ८० किलोंचा जोर लागत असावा, असा अंदाज आहे. एवढं धनुष्य ओढून गप्प उभं राहता येत नाही; ओढलं की सोडावंच लागतं. असा तिरंदाज सहा महिन्यांत तयार होत नाही, त्याला पोरवयापासून घडवावं लागतं. म्हणूनच इंग्लंडच्या राजाने १३६३ मध्ये सुट्टीच्या दिवशी धनुर्विद्येचा सराव करण्याचं फर्मान काढलं. राज्याला घाई असेल तर क्रॉसबो, म्हणजे दांड्यावर आडवं बसवलेलं, चाप ओढून सोडायचं धनुष्य बरं. ते हळू चालतं, पण शेतकऱ्याला थोड्या आठवड्यांत शिकवता येतं. प्राचीन चीनने त्याचा काशाचा चाप साच्यात ओतून मोठ्या संख्येने बनवला. तुमच्या साम्राज्याला क्रॉसबोच शोभेल.

आणि बाण मोजा. इंग्रज तिरंदाजाच्या एका जुडीत २४ बाण. मिनिटाला दहा सोडले तर अडीच मिनिटांत भाता रिकामा. तुमचे लोक सकाळपासून दुपारपर्यंत बाण सोडताहेत, ते येतात कुठून? इ.स.पू. ५३ मध्ये कॅऱ्हीला रोमन सेनापती क्रॅसस याच आशेवर होता की पार्थियन घोडेस्वारांचे बाण कधीतरी संपतील. मग त्याला कळलं की मागे बाण लादलेले उंट उभे आहेत. त्या क्षणी त्याच्या सैन्याच्या मनात जे झालं असेल ते लिहायला मिळालं तर मी एक प्रकरण त्याला देईन. १४१५ मध्ये अ‍ॅजिनकोर्टला उलटं झालं. बाण संपल्यावर इंग्रज तिरंदाज हातोडे आणि तलवारी घेऊन चिखलात रुतलेल्या चिलखती फ्रेंचांवर तुटून पडले. तिरंदाजाच्या कमरेला काय आहे, हेही ठरवून ठेवा.

चिलखताचं एवढंच: पूर्ण पोलादी चिलखत वीस-पंचवीस किलोंचं असे, पण ते अंगभर विभागलेलं. त्यात पळता येतं, घोड्यावर चढता येतं, फक्त दम लवकर लागतो. बहुतेकांना ते परवडत नाही. ढाल आणि जिरेटोप एवढंच सामान्य सैनिकाला मिळतं आणि मग घाव बसतात खाली. गॉटलंड बेटावर व्हिस्बीजवळ १३६१ मध्ये मारल्या गेलेल्या शेतकऱ्यांच्या सामूहिक कबरी सापडल्या. हजाराहून जास्त माणसांच्या त्या हाडांवर गुडघ्याखालचे घाव पुष्कळ होते. तुमच्या कादंबरीत सगळे छातीत वार होऊन मरतात. काहींना पायांवर पाडा.

ढाल काढून घेणं हासुद्धा एक डावपेच आहे. रोमन सैनिकाचा फेकायचा भाला ढालीत घुसला की सहजी उपसता येत नसे. इ.स.पू. ५८ मध्ये सीझरसमोर उतरलेल्या गॉल सैनिकांच्या एकमेकींवर चढवलेल्या ढाली अशा भाल्यांनी एकत्र खिळल्या गेल्या, शेवटी त्यांनी ढाली टाकून दिल्या आणि उघड्या अंगाने लढले. मेंढपाळांना असा एखादा भाला द्यायला हरकत नाही.

एक लाखाचं सैन्य कापा. निम्मं, म्हणजे पन्नास हजार घेऊ. माणशी रोज एक किलो धान्य धरलं तर दिवसाला पन्नास टन. एक खेचर शंभर किलो वाहतं असं धरू. मग एका दिवसाच्या शिध्याला पाचशे खेचरं, दहा दिवसांच्या शिध्याला पाच हजार आणि ती खेचरंही खातात. एका रस्त्यावर चार-चारच्या ओळींनी हे सैन्य निघालं, ओळींत दीड मीटर अंतर ठेवलं, तर रांग एकोणीस किलोमीटर होते. म्हणजे पहिला माणूस मुक्कामाला पोचतो तेव्हा शेवटचा जेमतेम निघालेला असतो. आठ हजार पुरे झाले. आठ ओळी खोल उभे केले तरी फळी जवळजवळ एक किलोमीटर रुंद होते. तेवढ्यावर सेनापतीचा आवाज पोचत नाही. निशाणं, शिंगं, नगारे यांनी दोन-तीन साधे हुकूम देता येतात: पुढे, थांबा, मागे. प्रकरण दोनमधला सात टप्प्यांचा गुप्त बेत विसरा.

अग्निमांत्रिकांची मात्र चिंता आहे. दाट गर्दीवर आग फेकणारा माणूस म्हणजे पायावर चालणारी तोफ. असे शंभर मांत्रिक असले तर कुणीही शहाणा सेनापती सोळा ओळींची फळी उभी करणार नाही. माणसं विखुरतील, खंदक खणतील आणि तुम्ही पुन्हा बंदुकीच्या युद्धात येऊन पडाल. मित्राला हेच खटकलं असणार. मांत्रिक तीनच ठेवा, प्रत्येकाला दिवसातून एकच झोत द्या आणि पल्ला गोफणीपेक्षा कमी ठेवा. मग पहिला नेम त्याच्यावर धरला जाईल, त्याच्याभोवती ढालवाले लागतील, तो केव्हा वापरायचा यावर सेनापतींची भांडणं होतील. हेही डावपेचच आहेत.

दारू नसण्याचं कारण देऊ नका. चीनमध्ये १०४४ सालच्या लष्करी ग्रंथात दारूच्या कृती लिहिलेल्या आहेत. वर सांगितलेल्या फॉलकर्क, कोर्ट्राई, बॅनकबर्न या लढाया त्यानंतर अडीचशे वर्षांनी भाल्यांनीच लढल्या गेल्या. ‘आमच्या जगात शोरा (दारूतला मुख्य क्षार) नाही’ असं लिहिण्याचा मोह होईल. पण शोरा गोठ्यातल्या जुन्या मातीतही तयार होतो आणि तुमच्याकडे तर मेंढपाळ आहेत. जाणकार वाचक लगेच हसेल. शोरा, गंधक आणि कोळसा कुणी अजून एकत्र कुटलेले नाहीत, एवढं तुमच्या मनात असलं की झालं.

नायकाने एकट्याने फळी फोडावी का? तलवारीच्या जोरावर नको. पण फळी फुटते ती एका माणसापासूनच. समोरच्या ओळीतल्या एकाच चेहऱ्यावर नजर रोखून नायक पुढे सरकतो, तो माणूस अर्धं पाऊल मागे घेतो, त्याच्या शेजाऱ्याची उजवी कूस उघडी पडते आणि तिथे नायकाच्या मागचे दोघे घुसतात. नायकाचा वाटा त्या अर्ध्या पावलाचा. वाचक त्यावर विश्वास ठेवील.

राहता राहिली भाषा, आणि माझ्या मते दारू तिथेच सर्वांत जास्त सांडली आहे. ‘फायर’ तर जायलाच हवा. ज्यांनी कधी बत्ती दिली नाही ते बाण सोडताना आगीचं नाव का घेतील? ‘सोडा’ म्हणा, ‘मारा’ म्हणा. पण तुमच्या मजकुरात बाणांच्या ‘फैरी झडतात’, प्रधानाचा बेत ‘फुसका बार’ ठरतो, दूत ‘बंदुकीच्या गोळीसारखा’ सुटतो आणि म्हातारी राणी मुलांना ‘तोफेच्या तोंडी’ देत नाही म्हणते. दारूने आपली बोली इतकी व्यापली आहे की मराठेशाहीच्या कागदांत ‘बाण’ हा शब्दसुद्धा दारूने उडणाऱ्या अग्निबाणासाठी येतो. तुमच्या जगाला यातलं काही ठाऊक नाही. त्यांच्याकडे भाता रिकामा होतो, तलवार म्यान होते, बगल उघडी पडते, कुणी मुसंडी मारतं, कुणी कच खातं, कुणाची ढाल केली जाते. एवढ्यात पुष्कळ भागतं. हस्तलिखित एकदा फक्त या नजरेने वाचा आणि सुरुवात नवव्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीपासून करा, जिथे साम्राज्याचा सम्राट भर दरबारात मेंढपाळांवर ‘शब्दांची तोफ डागतो’.